तिसरी पिन

डेल्फीनचा फोन आला, काका, ॲम्प गुणगुणतोय.
म्हटलं, गुणगुणू दे की, त्याचं कामच ते.
नाही काका,
मी काहीच वाजवत नसताना.

मरोळ गावठाण, क्रुसामागचं घर,
लोखंडी जिन्याने वर पत्र्याची खोली.
टेस्टर, पक्कड आणि इन्सुलेशन टेपचं अर्धं बंडल घेऊन गेलो.
बत्तीस वर्षं वायरमन,
गिटार कधी उघडून पाहिली नव्हती.
ती उघडत नाहीत म्हणे.

लादीवर दोन केबली, एकमेकींच्या गळ्यात.
तपकिरी ॲम्प, स्टुलाहून बुटका,
आणि पायाशी लाल डबी, साबणाच्या वडीएवढी,
तिच्यावर एकच बटण.
हा लूपर, ती म्हणाली.
आधी रॉनल होता. तो ठेका धरायचा, मी वर वाजवायचे.
फेब्रुवारीत दोह्याला गेला, एसीच्या कामावर.
आता हा.

मी डबीकडे नीट पाहिलं.
पगार काय घेते?
नऊ व्होल्ट, म्हणाली.

केबली उलट्या लागल्या होत्या.
आपण डावीकडून वाचतो, ही डबी उजवीकडून वाचते:
उजव्या भोकात गिटार,
डाव्यातून निघून ॲम्पच्या छातीत.
एवढं केलं तर गिटार बोलली,
पण गुणगुण तशीच,
दुपारच्या माशीसारखी, एका जागी.

एक्स्टेन्शन बोर्ड उलटा केला.
तिसरी पिन आहे, तिच्या मागे वायर नाही.
कुणीतरी कापून, वर टेप गुंडाळून,
सभ्य माणसासारखा निघून गेला होता.
हिरवी वायर काय करते, तिने विचारलं.
काही नाही, म्हटलं.
सगळं ठीक असेल तर तिच्यातून काहीच जात नाही.
म्हणून तर लोक कापतात.
जोडली.
खोली एकदम मोठी झाली,
खालच्या अंगणात कोंबडी दाणे टिपतेय तेही ऐकू यायला लागलं.

मग तिने ॲम्पच्या पाठीकडे बोट दाखवलं:
इथे पण दोन भोकं आहेत, डबी इथे लावू?
मी जरा वायरींच्या बाजूने विचार केला.
पुढे लावलीस तर फक्त गिटार अडकेल.
मागे लावलीस तर माईकपण त्यातूनच जाणार,
तुझा गळासुद्धा गोल गोल फिरत राहील.
ती नखं बघत बसली.
पुढेच राहू दे.
गाणं मला दर वेळी म्हणायचंय.
चुकले तर नवीन चुकेन.

पाय खाली. चार मोजून वाजवलं.
पाय पुन्हा खाली, पण केसभर उशिरा,
समेवर यायच्या जागी एक फट राहिली,
आणि फट प्रत्येक फेरीला वेळेवर येऊ लागली.
तेवढ्यात मी वाकलो, खिशातला टेस्टर निसटला,
गिटारच्या पोटावर आपटला. टक्.
सॉरी म्हणेपर्यंत ती हसत होती:
थर काढत होते काका. तुम्ही आत गेलात.

गेलो होतो. आधी तिचा ठेका,
मग फट,
मग मी.
पुन्हा ठेका, फट, मी.
खोकलो ते नाही आलं,
ही तार हवेचं ऐकत नाही, लाकडाचंच ऐकते.
ती त्यावर वाजवत राहिली, बराच वेळ,
डोळे मिटून, खांदा जरासा डावीकडे,
जिथे दुसरी खुर्ची होती तिकडे.

मग पाय दाबून धरला. दोन सेकंद.
गेलं?
गेलं. सगळंच जातं.

पैसे घेतले नाहीत. तिच्या आईने फुगे दिले,
वर्तमानपत्रात, गरम.
घरी आलो, ताटात ओतले.
फ्रिज सुरू झाला, आपल्या त्याच एका सुरात,
मी चार मोजले,
आणि टेबलावर बोटाने टक् केलं.
आतून बायको म्हणाली, काय हवंय?