मुदत

कानबाई बसायच्या आधी
सासूबाईंनी गहू मोजले,
सव्वा मूठ एकेका पुरुषाच्या नावानं.
नानांची, भाऊंची, तुझ्या बापाची,
पाळण्यातल्या सहा महिन्यांच्या हिमांशूचीसुद्धा.
तुझ्या नावाची मूठ नव्हती. नसतेच.
तरी रविवारी पंगतीत
सगळ्या एरंडोलचे डोळे तुझ्याच ताटावर.

मी तुझ्या उजवीकडे बसले.
ठरलंच होतं तसं, फोनवर, मंगळवारी:
तू वाटी दोनदा सरकवलीस
की मी म्हणायचं, हर्षाली, गच्चीवरचे कपडे राहिले गं,
आणि दोघींनी उठायचं.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं
गॅसच्या पावतीमागं लिहून ठेवलंय मी:
ताटाबद्दल बोलू नका.
अंगाबद्दल बोलू नका, चांगलंसुद्धा.
त्याखाली माझ्या मनचं: मग बोलायचं काय?
कारण आमच्याकडं माणूस दारात आलं
की पहिलं वाक्य वजनाचं,
दुसरं जेवणाचं,
तिसरं सुचेपर्यंत गाडी सुटते.

म्हणून विषय आणले होते, ओटीत बांधून आणावेत तसे.
शिंप्याच्या बकरीनं लग्नपत्रिका खाल्ली तो
(गाळला, त्यात खाणं होतं).
धरणगावच्या फाटकात अडकलेली वरात.
नानांचं नवं श्रवणयंत्र,
ज्यात त्यांना फक्त नळ ऐकू येतो.
याला तू हसलीस.

मग थोरली जाऊ आलीच, गंगाफळाची भाजी घेऊन.
"कितली वाळी गई वं पोर!
देवीना रोट से, ताटमा ठेवू नको माय."

मला आखाजी आठवली.
तेव्हा मांडा तुझ्या ताटात मीच वाढला होता,
माझ्या गळ्याची शपथ घालून.
तू खाल्लास. सगळा. हसत.
नंतर न्हाणीतला नळ किती वेळ चालू होता,
आणि मी बाहेर उभी राहून म्हटलं,
पाणी वाया जातंय गं.

तुझी वाटी सरकली. एकदा.
दुसऱ्यांदा सरकायच्या आत मीच बोलले,
जरा मोठ्यानं, सासूबाईंकडं बघून:
रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात ना?
आज तर कुठं रविवार.

सासूबाईंनी थोरलीकडं पाहिलं, मग आमटीच्या पातेल्याकडं.
तुझ्याकडं नाही.
ते न पाहणं मी त्यांच्याकडून शिकले.
"मुदत से," म्हणाल्या. "देवी बी थांबस."

उरलेला रोट तू फडक्यात गुंडाळलास,
पितळी डब्यात ठेवलास, फळीवर.

सोमवारी अंजनीकाठी, पाट हातात,
हळूच विचारलंस:
"काकू, घास मोजले ना तुम्ही माझे?"
खोटं तोंडाशी आलं होतं.
मोजले, म्हटलं. सवय सोडतेय हळूहळू.
"मी पण," म्हणालीस,
आणि पाण्यात उतरलीस.

बुधवारी फळी पुसायला डबा काढला.
रोटाची एका बाजूची कड नव्हती.
मुंग्या असतील. नसतील.
नीट बघितलं नाही.
डबा होता तिथं ठेवला,
झाकण जरा सैल.