दोनशे बारा गवतं

मे महिना, दुपारचे अडीच.
त्रिमूर्तीनगरातली आमची स्कीम, पहिला मजला.
कूलर धापा टाकून राहिला
आणि टेबलावर दोघे, वीतभर अंतरावर,
एकमेकांना ओळख न देता बसलेले:
फोन आणि लॅपटॉप.

फोनमध्ये दोनशे बारा गवतं आहेत.
ऑक्टोबरात गोरेवाड्याच्या काठाने
गुडघे टेकून, श्वास रोखून काढलेली,
वारा पडेल तेवढ्या फटीत.
लॅपटॉपात रिपोर्ट आहे. सोमवारी द्यायचाय.
रिपोर्टात दोनशे बारा मोकळे चौकोन.

ब्लूटूथ चालू केलं.
दोघांच्या कपाळावर एकच आकडा उमटला:
चार सात शून्य नऊ एक तीन.
जुळतो का, विचारतात.
जुळतो रे बाबांनो,
पत्रिका पाहून दिलेल्यांचा जुळला नाही इतका जुळतो!
दोघांकडून हो म्हटलं.
मग फोन म्हणाला, जोडणी झाली.
लॅपटॉप म्हणाला, कोणाशी?

असे संसार मी पाहिलेत. जाऊ द्या.

हेरंबला लावला, भाच्याला, पुण्याला.
"मावशी, सोप्पंय, फोन आधी बंद करून चालू कर."
केला बंद.
तर हेरंबही गेला.

पुन्हा शोध. जवळपासची उपकरणं शोधत आहे...
गोल फिरतं, फिरतं,
आणि भिंतींपलीकडची वस्ती वर येते:
कोणाचा साउंडबार, कोणा पिंकीचे इअरबड्स,
एक नुसताच आकड्यांचा, चोरीच्या गाडीसारखा,
माझा लॅपटॉप सोडून सगळे.
आणि त्यांच्यात: 'ठवकर सेकंड फ्लोअर'.

ठवकर. ज्यांच्या कूलरचं पाणी
मागच्या उन्हाळ्यात माझ्या बाल्कनीत
वाळत ठेवलेल्या नमुन्यांवर रात्रभर टपकलं.
तेव्हापासून जिन्यात भेटलो
की दोघंही आपापल्या चपला बघतो.

घामाचं बोट. घसरलं.
'पाठवत आहे.' मग, अख्ख्या दुपारीत पहिल्यांदाच,
'पाठवले.'

वर खुर्ची सरकली.
जिन्यात चपला वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या.
दारात ठवकर, बनियनवर शर्ट चढवत:
"म्याडम, हे पवन्या गवत मले काहून पाठवलं?"

पवन्या.
मी त्याला दोन शब्दांच्या लॅटिन नावाने ओळखते.
खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत, हे बरं.
"वायरलेसचं काई खरं नसते. थांबा, वायर आणतो."

वायर आली, निळ्या रबराने गुंडाळलेली.
लावली. एकसष्ट टक्के, बासष्ट टक्के.
फोनचं पोट भरत राहिलं,
लॅपटॉपला मात्र दारात कोणी आल्याचा पत्ता नाही.
ही वायर फक्त जेवू घालणारी निघाली.

ठवकरांनी मग विचारून फोन हातात घेतला.
"हे तिखाडी. चुरगळून वास घ्या, माणूस जागा होते.
हे कुसळी. धोतरात घुसे,
आई संध्याकाळभर उपटत बसे बाबाच्या धोतरातून.
याचं नाव नाही माहीत,
पण आमची म्हैस याले तोंड लावत नव्हती."

मी वही ओढली.
म्हैस खात नाही, असं लिहिलं.
कुठल्याच पुस्तकात हे दिलेलं नाही.

एक्केचाळीस गवतं झाली चहाआधी.
मग लाइट गेली.
माझा कूलर थांबला, त्यांचाही थांबला,
सगळ्या स्कीमचा आवाज एकदम खाली बसला
आणि ऐकू आलं:
टप्. माझ्या बाल्कनीत. टप्.
ठवकरांनी ऐकलं. मीही.
दोघांनी चहाकडे पाहिलं.

टेबलावर फोन उजेड धरून,
गोल फिरतंय अजून:
जवळपासची उपकरणं शोधत आहे.