माइक चालू होता

खडकी बाजाराच्या मागे, बेकरीच्या भिंतीला भिंत लावून
आमचं चर्च. उपासना साडेआठला,
म्हणजे पावणेनऊला, म्हणजे एस्तेरबाई आल्या की.
पेटी त्यांची. एक पट्टी अडकते,
ती उचलायला पर्समध्ये विणायची सुई असते.

मी साउंडवाला.
दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं वायरी जोडल्या,
आता इथे जोडतो.
विश्वासाचं मला विचारू नका.
मालन गेल्यापासून मी येतो तो माइकसाठी.
माइकला माणूस लागतो, एवढं तर कुणीही मान्य करील.

त्या रविवारी मंडळी एकतीस.
बत्तिसावं बेकरीचं मांजर, मिशांना मैदा,
वेदीच्या पायरीवर.
पारधेबाई त्यालाही हजेरीत धरतात,
अहवालात आकडा बरा दिसतो.

रेव्हरंड रणभिसे आतल्या खोलीत झगा घालत होते.
कॉलरला नवा बिनवायरचा माइक,
कुणाच्या तरी भाच्याने मस्कतहून पाठवलेला.
आणि चर्चभर त्यांचा आवाज घुमला, थेट वरून आल्यासारखा:

"अगं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर.
मागच्या वेळी मटणाचा गाळ झाला होता."

जोएल तबल्यावर आडवा झाला.
माझं बोट बटणावर. आता दाबणार, एवढ्यात

"प्रभू, आज शमुवेलकाकांना जागं ठेव.
नाहीच जमलं तर घोरू तरी देऊ नकोस.
पारधेबाईंच्या पेनातली शाई संपव.
त्या माझ्या चुका लिहून घेतात, तुला माहीतच आहे."

पारधेबाईंनी पेनाला टोपण लावलं.
शमुवेलकाका उजागरे, वय ब्याऐंशी, ताठ बसले.
मी तेव्हाच बटण दाबायला हवं होतं.
हसण्यात राहून गेलं, असं नंतर स्वतःला सांगितलं.

मग बराच वेळ नुसता श्वास. कपड्याची खसखस.

"काल रात्री तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.
दर आठवड्याला ह्यांना सांगतो, आशा धरा.
माझ्या डब्यात किती उरलीय
ते तू झाकण उघडून बघितलंयस.
आज थोडी उसनी दे.
ह्यांच्याकडून घेऊन दिलीस तरी चालेल."

बेकरीत कुणीतरी ट्रे आपटला.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

ते बाहेर आले, केसांना पाणी लावून.
"सलाम," म्हणाले.
आम्ही असा सलाम परतवला
की ते अर्धं पाऊल मागे सरले.
एरवी गातात त्या एस्तेरबाई, बाकीचे ओठ हलवतात.
त्या दिवशी ओहोळांचा थोरलाही गायला,
जो गीताचं पुस्तक विजेच्या बिलासारखं धरतो.
पट्टी अडकली. बाईंनी सुई काढलीच नाही.
तो एक सूर सगळ्या गीतामागून ओरडत राहिला
आणि आम्ही त्याच्यावर ओरडलो.

उपदेश तसा बेताचाच. दोनदा पान चुकलं.
शमुवेलकाकांनी स्वतःला चिमटे काढले,
मधे एकदा तर उभेच राहिले.
दानाची थैली फिरली, तेव्हा पारधेबाईंनी
नोटेबरोबर पेन टाकलं.

दारात हात मिळवताना रेव्हरंड म्हणाले,
"आज काय झालंय सगळ्यांना?"
"काही नाही," काका म्हणाले, "लवकर घरी जा, मटण..."
जोएलने पाय तुडवला.
"माटुंगा," काका म्हणाले,
"माटुंग्याची बहीण आठवली."

आजवर त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सगळे गेल्यावर मी वायरी गुंडाळल्या,
माइकमध्ये नवे सेल घातले.
मग आतल्या खोलीत जाऊन तो माझ्या कॉलरला लावला.
"हॅलो, चेक, चेक."
रिकाम्या बाकांवरून माझाच आवाज उतरला.
मांजराने वर पाहिलं.

आणखी थोडं बोललो. ते इथे लिहीत नाही.
मांजराने ऐकलंय,
आणि त्याची हजेरी लागलेली आहे.