होऊ शकते

हिंगण्याच्या एका शेडमध्ये माझं काम
ड्रमांवरची लेबलं तपासण्याचं.
चपलांचे सोल चिकटवायचं सोल्युशन.

पहिल्या श्रेणीत मोडलं तर छापायचं :
वारंवार संपर्काने अवयवांना इजा होते.
दुसऱ्या श्रेणीत, होऊ शकते.
वर ‘धोका’च्या जागी ‘इशारा’.
बाकी कागद तोच, शाई तीच,
फरक एका क्रियापदाचा.

कोणता अवयव ते ठाऊक असेल
तर त्याचं नाव घालायचं.
कुठे तरी, कुणी तरी
नव्वद दिवस उंदरांना हुंगवून पाहिलेलं असतं,
मागचे पाय आधी लुळे पडले, हेही टिपून ठेवलेलं.

चित्रातल्या माणसाला डोकं आहे, खांदे आहेत,
छातीत पांढरी चांदणी फुटलेली.
पाय नाहीत.
चौकटीत मावले नसावेत.

मे महिन्यात, कूलरचं पाणी संपलेलं,
ताराचंद निनावे आले. पाचपावलीहून.
बावीस वर्षं सोल चिकटवतात,
दार लावून, म्हणजे धूळ बसत नाही.
पाच लिटर घेतलं, पावती खिशात घातली, निघाले.
एक चप्पल माझ्या टेबलाजवळच राहिली.

मी ती घेऊन धावले.
फाटकापाशी गाठलं, तापलेल्या डांबरावर,
शेहेचाळीस डिग्रीत एक पाय उघडा.
त्यांनी खाली बघितलं.
“पडली का? मले समजतच नाई बाप्पा.
बायको म्हणते, घुंगरू बांधून देऊ का चपलेले.”

“काका, ड्रमवरचं कधी वाचलं का?”
“ड्रम कायचा? मी तं सुट्टा नेतो.”
हातातल्या कॅनवर अजून स्पष्ट होतं :
सोयाबीन तेल. आपल्या हृदयाची काळजी.

त्या संध्याकाळी नवं प्रूफ आलं. श्रेणी दुसरी.
‘मज्जासंस्था’ खोडून मी लिहिलं, पाय.
पाटणकर साहेबांनी सकाळी पुन्हा मज्जासंस्था केलं.
बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी मला कोष्टकही दाखवलं.
क्रियापदाला दोघांनीही हात लावला नाही.

जूनमध्ये काका परत आले. कॅन तोच.
चपला घोट्यांशी सुतळीने बांधलेल्या, दोन-दोन गाठी.
मी एक लेबल काढून कॅनवर दाबून बसवलं,
अंगठ्याने चारही कोपरे घासले.
कॅन तेलकट होता.
ते गेल्यावर फाटकाजवळ
मातीत उताणा पडलेला दिसला
तो चांदणीवाला माणूस.