उचल

कळंबोलीच्या यार्डात माझे सत्तावीस ट्रेलर.
ड्रायव्हर सोडून जातो तेव्हा
उचल फेडतो, किल्ली टेबलावर ठेवतो,
चहा पितो. कधी पीतही नाही.
झाला हिशेब.

निहारचा करार एकशे बारा पानांचा.
कलम एकोणीस, पोटकलम क :
दोन टीमा म्हणतात, हा आमचा.
परदेशात तिघे वकील बसून ठरवणार
माझा मुलगा कुणाचा.
तोवर शर्यत नाही.
ऑफिसच्या मागच्या खोलीत
खोट्या स्टिअरिंगवर तो रात्रभर
एकच वळण घेतो.
वीज माझी.

काल रामसजीवननं किल्ली ठेवली.
निहारनं ती उचलली,
सळयांनी भरलेला चाळीस फुटी ट्रेलर
दोन टँकरांच्या फटीत उलटा घातला,
एका दमात, नुसत्या आरशावर.
वॉचमन शिट्टी वाजवायची विसरला.

मग आत आला. किल्ली टेबलावर ठेवली.
"बाबा, माझी उचल किती झाली?"

आकडा मला पाठ आहे.
म्हटलं, वही बघून सांगतो.