पाच म्हणजे पाच

एक्क्याण्णवचा मार्च. नॉर्थ डकोटात मार्च हा हिवाळाच,
फक्त कॅलेंडरला ते कुणी कळवलेलं नसतं.
आमची टेलिफोन सहकारी संस्था म्हणजे दोन खोल्या, एक हीटर,
सहाशे बारा जोडण्या आणि मी.

"आर्डिस क्वामे बोलतेय. मोडेम घेतलाय.
पुस्तिकेत लिहिलंय, टेलिफोन कंपनीने विचारल्यास
नोंदणी क्रमांक आणि घंटीचा भार कळवावा.
तुम्ही विचारलं नाहीत. म्हटलं, आपणच सांगावं."

अकरा वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं.
त्यासाठी फॉर्मही नव्हता. मी एका जुन्या पावतीची पाठ घेतली.
तिने डबी उलटी केली, टेबलावर प्लास्टिक घासलेलं मला ऐकू आलं,
आणि खालचं लेबल तिने अक्षर-अक्षर वाचून दाखवलं,
जन्मदाखल्यावरचं नाव तपासावं तसं.

एका तारेला पाचाचा भार झेपतो.
त्याहून जास्त जोडलं तर एकही घंटी धड वाजत नाही.
मी एवढं सांगितलं, आणि ती पेन्सिल शोधायला गेली.

स्वयंपाकघरातला फोन, एक. जिन्याखालचा, एक.
झोपायच्या खोलीतला जुना, एक पूर्णांक एक.
नवा मोडेम निम्माच.
आणि गोठ्यातली मोठी घंटा,
ट्रॅक्टरच्या घरघरीवरही लॉइडला ऐकू यावी म्हणून लावलेली:
एक पूर्णांक सहा.

"दोन दशांश जास्त होतंय," ती म्हणाली.
चालतंय हो, मी म्हणालो, तुमची तार नवी आहे,
नियमाचं कुंपण नेहमी हातभर आतच घातलेलं असतं.
"पाच म्हणजे पाच."

मला वाटलं, आता गोठ्यातली जाणार.
लॉइडला जाऊन दोन वर्षं झाली होती, गाई विकल्या होत्या,
तिथे ऐकणारं कोण होतं?
तिने झोपायच्या खोलीतला काढला.
"रात्रीचे फोन येऊन गेले," म्हणाली.
मी पावतीवर लिहिलं, चार पूर्णांक एक.

त्या जुलैत एका वादळात तालुक्यातले एकोणीस मोडेम जळाले.
लोक संतापून आमच्याच दारात. तिचा शाबूत.
पश्चिमेचं आभाळ पितळी झालं की ती दोन्ही प्लग काढायची,
विजेचा आणि तारेचा, पहिला गडगडाट व्हायच्या आत.
एकदा कडाडायला लागलं की ती तारेला हात लावत नसे.
मी विचारलं तर म्हणाली, "पान चौदा."

मग डिसेंबर. रात्री आणीबाणीचा फोन माझ्या घरी वाजायचा.
पावणेदोन. नंबर टोर्गर्सनांचा, आवाज तिचा, दमलेला.
"तळघरात गॅसचा वास येतोय.
गळतीची खबर गळतीजवळच्या फोनवरून द्यायची नाही, म्हणून इथे आले."
बाहेर उणे बावीस. टोर्गर्सनांचं घर मैलभर लांब.
गाडी चालू झाली नाही का?
"लावून पाहिलीच नाही. ती घराला चिकटून उभी. तिलाही ठिणगी असते."
हे काही पुस्तिकेत नाही, मी म्हणालो.
"नाही. ते मी माझ्या मनाचं घातलं."

तोवर मी समजत होतो, ती बारीक अक्षरं वकील लिहितात,
उद्या कुणी कोर्टात जाऊ नये म्हणून, आणि वाचत कुणीच नाही.
कुठल्याशा गावात कुणी माणूस टाय सैल करून
पान चौदा लिहीत बसला असेल.
त्याला पत्र टाकावं असं त्या रात्री वाटलं.
पत्ता पुस्तिकेत होता. टाकलं नाही.

सत्त्याण्णवला तिला मुलीने फार्गोला नेलं.
तार तोडण्याआधी एकदा चाचणी घ्यायची, हा आमचा नियम.
मी नंबर फिरवला.
स्वयंपाकघर, जिना, आणि बर्फापलीकडचा रिकामा गोठा,
तिथे काय काय दचकलं असेल कोण जाणे.
किती वेळ वाजू द्यायचं
ते नियमात दिलेलं नाही.