चौथी तबकडी

सूतगिरणीत आता सूत नाही.
मागांचे पाय उखडले तिथे फरशीवर
गंजाचे चौकोन उरलेत.
त्यातल्या एकात मी उभा राहतो, दर वेळी त्याच,
खांबापासून तिसऱ्या. तिथे आवाज बरोबर पोचतो.
वूच शहर, फेब्रुवारी. कोट कोणी काढत नाही.

लुबोमिराच्या टेबलावर वायरींचा गुंता,
पिवळ्या, लाल, एक हिरवी, दातांनी सोललेली.
ती आधी काहीच वाजवत नाही.
नुसती एक घरघर सोडून देते हॉलमध्ये
मांजर सोडावं तशी,
आणि आम्ही ऐकत राहतो, ती कुठे जाऊन बसते.
मग एक बटण, केसभर.
खालून ठोका येतो.
आधी बरगड्यांना कळतो, मग गुडघ्यांना,
मग पुढच्या बाईच्या कानातल्या डुलांना,
कानाला सगळ्यांत शेवटी.

माझी आई इथेच बारा नंबरच्या मागावर होती.
रविवारी तिला झोप लागायची नाही.
म्हणायची, आवाज बंद पडला की जाग येते.

कार्यक्रम संपला की लुबोमिरा एकेक वायर उपटते,
वाफ्यातलं तण काढावं तशी,
आणि ठोका हाडाहाडाने विरत जातो.
"हे परत वाजवता येईल?" मी विचारलं. दर वर्षी विचारतो.
"छे," ती म्हणाली, हात पँटला पुसत.
"आणि तुझ्या खिशातलं ते यंत्र चालू आहे, मला दिसतंय."

चालू आहे. अठरा वर्षं.

घरी, चौथ्या मजल्यावर, कोठीच्या कपाटात
काकडीच्या बरण्या खालच्या फळीवर सरकवून
मी पेटी बसवली: चार खण, चार तबकड्या,
मागे एक छोटा पंखा, ज्याला स्वतःचं मत आहे.
याग्ना म्हणाली, "चार कशाला? तिनांत मावतं की."
मावतं. चौथीत गाणं नसतंच.
तिच्यात बाकी तिघींची बेरीज असते नुसती.
एक गेली, की उरलेल्या मिळून
तिला आठवून काढतात, अक्षर न् अक्षर.
"आणि दोन गेल्या तर?"
"तर जेवायचं आणि झोपायचं."

जुनी तबकडी मरायला टेकली आहे.
टक् टक् टक्, थांबते, टक्.
मी तिच्यातलं सगळं या पेटीत उतरवतोय:
अकरा वाजता तीन टक्के,
दोन वाजता एकोणीस.
माझा पाय कधी ताल धरू लागला कळलं नाही.
खालून हालश्काबाईंनी हीटरच्या पाइपावर चमचा आपटला,
तोही समेवर.

एका फाइलपाशी गाडी अडली.
नोव्हेंबरची रात्र, तेव्हा हॉलला छप्पर अर्धंच होतं.
यंत्र विचारतं: वगळू, की पुन्हा प्रयत्न करू?
पुन्हा.
वगळू, की?
पुन्हा रे बाबा.
सुटली एकदाची. खात्री करायला लावून पाहिली.
अकराव्या मिनिटाला, ऐन शांततेत,
जिथे लुबोमिराने सगळे सूर खाली ठेवलेत
आणि छपरातून पाण्याचा थेंब तेवढा वाजतोय,
कोणीतरी खोकतं.
इतकी वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतोय.

याग्ना पाणी प्यायला उठली होती.
दारातून म्हणाली, "बाबा, हा तूच."

मागे नेऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं.
मीच. सिगारेट सुटायच्या आधीची छाती,
भरदार, निर्लज्ज.
आणि खोकल्याच्या लगेच मागे, अगदी बारीक,
कोणीतरी माझ्यावर हसलेलं.
ते कोण, ते मात्र याग्नालाही सांगता येईना.

खोकला कापून टाकायचा बेत होता.
राहू दिला.
पेटीवर हात ठेवला तर कोमट लागली,
रवंथ करणाऱ्या गाईच्या पाठीसारखी.

तिथेच, बरण्यांना टेकून, डोळा लागला असावा.
पाच-सव्वापाचला
टक् थांबली.
त्याने जाग आली.